आणखी एकदा सांगा

मंगरूळपीरच्या बसस्थानकावर मी आसेगावच्या गाडीची वाट पाहत होतो. बाकावर शेजारी दवाखान्यातून आलेलं एक म्हातारं जोडपं बसलं होतं.

"मांगच्या साली याच बाकड्यावरून तुमाले दोघांनी उचललं होतं."

"अन् तू म्हणत होती, गुडघे गेले."

"साऱ्या गावानं म्हटलं! तेल चोळू चोळू माये हात गेले."

"या डाक्टरनं म्हटलं, माझं बोट दाबा. पयले दाबताच येईना. दाबत राह्यलो तं जोर वाढत गेला. लगेच म्हणे, हे गुडघ्याचं दुखणं नाही, छातीचा फोटो काढा."

"मले तं रागच आला. उठता येत नाही पायानं, अन् फोटो छातीचा!"

"फुप्फुसात क्यान्सरची गाठ निघाली ना. तिच्यापायीच पाय ढिले पडले होते."

"आज काय म्हणे डाक्टर?"

"तू होती ना संगं! एवढ्या सुया घेतल्या, आता गाठ दिसत नाही म्हणे."

"आणखी एकदा सांगा."

"गाठ दिसत नाही! चाल, गाडी लागली."

"हात धरू काय?"

"खबरदार! मीच चढतो. पडलो तं हास."

दांडा धरून तो एकेक पायरी चढला. वर जाऊन वळला आणि त्याने हात पुढे केला.

"दे हात, चंपे."

"मले काय झालं? लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे."

तिने हात दिला.

मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली होती. बायको गेली, तरी माझा रुमाल दोघांच्या सीटवरच पडतो. तो उचलला आणि म्हणालो, "बसा इथं."

गाडी हलली.

"हं, सांगा आता. काय म्हणे डाक्टर?"