पाच कसोट्या, पाच पोस्टकार्डं

सभेचे अध्यक्ष आदरणीय विश्वंभर गुरुजी, मंचावर बसलेले अन्सारभाई, आजचे सत्कारमूर्ती पोस्टमास्तर वसराम साहेब, त्यांच्या सौभाग्यवती प्रतिक्षावहिनी आणि साखऱ्याच्या समस्त बंधुभगिनींनो,

भजनी मंडळाची जमाखर्चाची वही माझ्याकडे असते, म्हणून आधी आलेल्या वस्तू सांगते. शाल हिंगोलीहून आली, तीनशे दहा रुपये. नारळ पस्तीस. पोस्टकार्डं पाच, अडीच रुपये. ती साहेबांच्याच खिडकीतून घेतली. आता कार्डं कोण लिहितं ताई, असं त्यांनी विचारलं. तेव्हा मी नुसते सुट्टे पैसे मोजून दिले. आता सांगते.

पुढच्या महिन्यात ऑस्ट्रेलियाचा संघ पाच कसोट्या खेळायला आपल्याकडे येतोय. मी मॅट्रिक झालेली बाई, पण डाळ निवडता निवडता कॉमेंट्री बराबर ऐकते. आपल्या खेळपट्टीवर तिसऱ्या दिवसापासून चेंडू वळतो, तिथं आपले फिरकीवाले त्यांना नाचवतील. पण त्यांचे ते ताडमाड गोलंदाज नव्या चेंडूवर आपली सलामीची जोडी टिकू देतील का? नाणेफेक हरलो आणि चौथा डाव आपल्या वाट्याला आला तर? आणि नेमक्या अशा वेळी साहेबांची बदली जवळा बाजारला झाली.

यात काळजी काहून, ते पाहुण्यांना सांगते. साहेब ज्या संघाचं नाव घेतात, तो हरतो. सलग तीन सामन्यांना ते भारत म्हणाले, तिन्ही गेले. चौथ्याला आपले अन्सारभाई शिलाईचं मशीन सोडून पोस्टात गेले. म्हणाले, "साहेब, आज तुमी त्यांचं नाव घेऊन पाहा बरं." साहेबांनी घेतलं. आपण सहा गडी राखून जिंकलो.

तेव्हापासून सात वर्षं हा माणूस सामन्याच्या सकाळी पोस्टाच्या पायरीवर उभा राहून मोठ्यानं समोरच्यांचा विजय सांगतो. आणि आपण जिंकलो की, वहिनी सांगतात, दार लावून, तोंडात टॉवेल धरून नाचतो. माझी श्रद्धा पांडुरंगावर आहे. पण सगळाच भार त्याच्यावर काहून टाकावा?

काल साहेब मला म्हणाले, "ताई, जाता जाता एकदा तरी मनातलं नाव घेऊ द्या." डोळे भरले होते त्यांचे. मी वही उघडली. पाचांतल्या तीन जिंकल्या की मालिका आपली. घरात मिठाचा एक पुडा जास्तीचा ठेवतो तशी एक जास्तीची धरली. म्हणून चार कार्डांवर "ऑस्ट्रेलिया जिंकेल" असं मीच लिहून ठेवलंय, साहेबांनी कसोटीच्या सकाळी नुसती सही करून तिथल्या पेटीत टाकायची. पाचवं कोरं आहे. साहेब, त्यावर मनातलं नाव लिहा, चांगलं मोठ्या अक्षरात. ती एक कसोटी गाव सोसेल.

आता साहेब उत्तराला उभे राहतील. शेवटी त्यांनी "जय हिंद" म्हणावं की नाही, हे अध्यक्षांनी ठरवावं.

जुबेर मंडपवाल्यांनी भाडं घेतलं नाही, त्यांचे आभार. कमीजास्त बोलले असेन तर पोटात घाला. आणि साहेब, पोचल्याची खुशाली उलट टपाली कळवा. त्याला मात्र पदरचं कार्ड घ्या. ही पाच मोजून दिलेली आहेत.