त्रुंतुम नेसून राजवाड्यात

सुलास्मी : ...अगं, दारावरचा रखवालदार तुझ्या वस्त्राकडेच बघत होता! राजघराण्याची नक्षी नेसून आलेल्याला आत सोडत नाहीत, ठाऊक आहे ना? मला वाटलं, आता अडवतोय तुला.

वार्तिनी : ही कुठे राजघराण्याची नक्षी? त्रुंतुम आहे.

सुलास्मी : तेच म्हणते मी! त्रुंतुम नेसून सहलीला कोण येतं? ते लग्नात नवरानवरीच्या आईबापांनी नेसायचं. क्लातेनला गाडीत बसल्यापासून विचारीन म्हणतेय. घरात दुसरं धड काही नव्हतं?

वार्तिनी : हाताला लागलं ते गुंडाळलं. चल, त्या झाडाखाली बसू.

सुलास्मी : गुंडाळलं म्हणे! निऱ्या बघ केवढ्या कडक. आणि सारखं घड्याळ काय बघतेस? जोग्याला जाऊ, राजवाडा बघू, मजा करू, असं तूच म्हणालीस ना? माझ्या पालुपीच्या लग्नाच्या हट्टापायी डोकं उठलंय, जरा मन रमेल म्हणून आले मी.

वार्तिनी : बोलते का ती तुझ्याशी?

सुलास्मी : बोलते कसली! मैत्रिणीकडे राहते म्हणून निघून गेलीय. मी सांगून टाकलं, मुलगा राजपुत्र असला तरी जन्माचे वार जुळत नाहीत. शनिवार, त्यात पाच बाजारवारांतला वागे! तिच्या वाराच्या आकड्यांशी बेरीज केली की थेट मरणावर येते. वर्षाच्या आत आईबापांतलं कुणीतरी उचललं जातं. असल्या वाराला पोर जन्माला घालणारी आई तरी कसली, देव जाणे!

वार्तिनी : मुलगा कोण, कुणाचा, ते विचारलंस?

सुलास्मी : कशाला विचारू? वार ऐकला, विषय मिटला.

(राजवाड्यातली एक वृद्ध सेविका अनवाणी येते आणि दोघींसमोर थांबते.)

सेविका : बसा, बसा, उठू नका. आपण त्रुंतुम नेसलात म्हणून विचारते. घरचं कार्य का?

सुलास्मी : छे हो आजी! ही आपली वेंधळी...

वार्तिनी : हो आजी. मुलाचं लग्न आहे. आजच, दुपारच्या नमाजानंतर.

सेविका : शुभ होवो. सून गुणाची मिळो.

वार्तिनी : गुणाचीच आहे.

सुलास्मी : गेल्या आजी. आता बोल. सेतोचं लग्न? आज? आणि मला पत्ता नाही? मला?

वार्तिनी : राजवाड्यात बसून खोटं बोलवेना गं.

सुलास्मी : पोराचं लग्न सोडून तू माझ्याबरोबर इथे कशाला... थांब. वार्ती, सेतोचा वार कोणता? एवढ्या वर्षांत कधी विचारलाच नाही मी.

वार्तिनी : सुले, आधी पाणी पी.

सुलास्मी : वार कोणता त्याचा?

वार्तिनी : शनिवार, वागे. असल्या वाराला पोर जन्माला घालणारी ती आई मीच.

सुलास्मी : या अल्ला! पालुपी? माझी पालुपी? पण बाप उभा राहिल्याशिवाय मुलीचा निकाह लागत नाही! तिचे बाबा तर भावाकडे गेलेत...

वार्तिनी : मशिदीत आहेत. इथून जवळच. सकाळीच पोचले.

सुलास्मी : तेही? तेही सामील? सहल म्हणे! मला इथे अडकवून ठेवायला आणलंस?

वार्तिनी : अडकवायला नाही गं, जवळ आणायला. घरून लग्नाला चल म्हटलं असतं, तर कडी लावून बसली असतीस. पालुपी म्हणाली, काकू, आईला निदान हाकेच्या अंतरावर आणा. आली तर आली.

सुलास्मी : महिनोन् महिने तुझ्याच स्वयंपाकघरात बसून तुझ्या पोराला शिव्या घातल्या मी! आणि तू चहा ओतत राहिलीस!

वार्तिनी : रोज वाटायचं, आज तरी नाव विचारेल.

सुलास्मी : माझ्या ताईचे वार जुळले नव्हते. लग्नाला महिना व्हायच्या आत बाबा गेले. सांगितलं होतं तुला. ती भीती तुला थट्टेची वाटली?

वार्तिनी : नाही. मलाही वाटते. बेरीज मीही केली. आईबापांतलंच कुणी जायचं असेल ना, तर ते माझ्या वाट्याला येऊ दे, असं म्हणून घरातून निघालेय.

सुलास्मी : वेडी आहेस तू. ठार वेडी.

वार्तिनी : असेन. नमाज होईल आता. येतेस? नसशील येत, तर तुला स्टेशनवर सोडते आणि मग जाते.

सुलास्मी : पोरीच्या अंबाड्यात मोगरा कोण माळतंय?

वार्तिनी : ती म्हणाली, आई आली तर आई माळेल. नाहीतर नको.

सुलास्मी : रडवू नका मला. उठा.

वार्तिनी : नका काय? उठा काय? सुले, चिड, भांड, पण मला तू म्हण गं. एवढ्या वर्षांची...

सुलास्मी : विहिणीला तू म्हणत नाहीत. चला.