ओडेटला कुणी शिकवलं?

(सिंगापूर. कातोंगमधल्या एका बालवाडीचा व्हरांडा. दुपार, मुलं आत झोपलेली. ऑब्री वेस्टरहाऊट, पाच वर्षांच्या ओडेटचे आजोबा, आणि तिच्या वर्गाच्या शिक्षिका हायाती.)

ऑब्री : नाही, नाही, चहा-बिहा नको. आधी एवढं सांगा, पोरीच्या डोक्यात हे भरवलं कुणी?

हायाती : काय भरवलं, अंकल? आल्यापासून तुम्ही नुसतं ‘हे, हे’ करताय.

ऑब्री : आम्हा युरेशियनांची जुनी भाषा. क्रिस्तांग. काल झोपताना ही बाहुलीशी क्रिस्तांगमध्ये बोलत होती. तिच्या आईनं दाराआडून ऐकलं आणि सगळा राग माझ्यावर. म्हणे, “पप्पा, मँडरिनमध्ये ती आधीच मागे आहे, त्यात तुमची ही मेलेली भाषा कशाला?”

हायाती : मग बरोबरच आहे की. तुम्हीच शिकवली असणार.

ऑब्री : एक अक्षर शिकवलेलं नाही! लेकीला शब्द दिला होता मी. म्हणून तर इथे आलो. तुमच्या शाळेत ‘आपले समाज’ की काय तो आठवडा चाललाय ना?

हायाती : चाललाय. पण मला क्रिस्तांगमधलं ओ की ठो कळत नाही.

ऑब्री : इंटरनेटवर काय हवं ते मिळतं हल्ली. दोन शब्द उचलायचे, पोरांकडून पोपटासारखे म्हणवून घ्यायचे, एक फोटो काढायचा. झाले युरेशियन शिकवून!

हायाती : उगाच आळ घेऊ नका.

ऑब्री : उगाच? मग भिंतीवरचं ते चित्र कुणी काढलं? अर्धा माणूस गोरा, अर्धा सावळा, मधोमध रेघ. परवा ओडेट मला विचारते, “आजोबा, माझा युरेशियन अर्धा कुठला? वरचा की खालचा?”

हायाती : चित्र मीच काढलं. चुकलं माझं. एवढ्याशा पोरांना कसं सांगायचं, सुचलं नाही.

ऑब्री : माझ्या पणजोबांनीसुद्धा युरोप पाहिला नव्हता. माझी आई जन्मभर सारोंग-केबाया नेसून वावरली.

हायाती : माझी आजीसुद्धा.

ऑब्री : बघा! आता म्हणाल, केबाया तुम्हा मलायांचा. आम्ही आमचं म्हणून काही दाखवावं, की कुणीतरी हक्क सांगायला हजर. आडनाव डचांचं, देव रोमचा, रश्श्यातला मसाला भारतातला. आम्ही काय नुसते उसनवारीचे?

हायाती : हक्क नाही हो सांगत. आजी आठवली, एवढंच. बरं, ते चित्र आजच उतरवते. त्याऐवजी मुलांना काय सांगू? पाच वर्षांच्या पोराला कळेल असं, एका वाक्यात.

ऑब्री : सांगा की... आम्ही म्हणजे... मुळात आम्ही...

हायाती : हं?

ऑब्री : मला शब्दांत पकडू नका. बोलणं भाषेचं चाललंय.

हायाती : मग भाषेचंच ऐका. मला तुमचाच संशय आहे. कारण ओडेट एकटी नाही बोलत. अख्खा वर्ग बोलतो.

ऑब्री : काय म्हणता?

हायाती : रोज, झोपायच्या आधी. ही चटईवर उभी राहून काहीतरी म्हणते, सगळे तिच्यामागून म्हणतात आणि मुकाट पडतात. माझं कधी ऐकत नाहीत! विचारलं तर म्हणते, घरचं आहे.

ऑब्री : घरात आहे कोण? बायको गेली. लेकीला येत नाही, जावई चिनी. मी बोलायचो ते पर्थच्या भावाशी, बेसिलशी. दर रविवारी फोनवर. ईस्टरच्या आधी तोही गेला. तेव्हापासून ती भाषा माझ्या तोंडून निघालेली नाही. आता सांगा!

हायाती : हळू बोला... बघा, उठलीच ती. ये ओडेट.

ओडेट : आजोबा! आई रागावली म्हणून आलात? मी काही नाही केलं.

ऑब्री : कुणी रागावलेलं नाही. खरं सांग, क्रिस्तांग तुला या टीचरनी शिकवली ना?

ओडेट : टीचरना येतच नाही! सांगितलं तरी चुकतात.

ऑब्री : मग कुणी शिकवली?

ओडेट : फोनमधल्या आजोबांनी.

ऑब्री : बेसिलनं?

ओडेट : तुम्ही फोन टेबलावर ठेवून मोठ्ठ्यानं बोलायचात ना, तेव्हा मी टेबलाखाली असायचे. शेवटी ते म्हणायचे, मग तुम्ही म्हणायचात. आता त्यांचा फोन येत नाही. मग मीच म्हणते.

ऑब्री : म्हणून दाखव.

ओडेट : बोंग... ख्ख, ख्ख... आनोती.

ऑब्री : मध्ये ते काय केलंस?

ओडेट : ते तसंच असतं. बोंग म्हणायचं, मग दोनदा खोकायचं, मग आनोती. माझ्या शेजारच्या चटईवरचा वेन जिए एकदाच खोकतो. मग मी त्याला परत म्हणायला लावते.

हायाती : अरे देवा! आणि मी सगळ्या पालकांना कळवून बसले, वर्गात खोकल्याची साथ आलीय म्हणून! अंकल... अंकल, बसा ना. पाणी आणू?

ऑब्री : नको. फार सिगरेटी ओढायचा तो. ऐकायचाच नाही कुणाचं.

हायाती : आणि त्या शब्दांचा अर्थ काय?

ऑब्री : शुभरात्री. बाकी काही नाही.

हायाती : शुक्रवारी याल? मुलांना नीट म्हणायला शिकवा. फोटो काढणार नाही कुणी.

ऑब्री : नक्की ना? आणि लेकीला काय सांगू?

हायाती : तिच्याशी मी बोलते.

ओडेट : आजोबा, माझं चुकतं का?

ऑब्री : नाही गं. तसंच म्हणायचं असतं.