डावा दादांचा, उजवा माझा

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरच्या मुख्याध्यापिकाबाई, कारागीर संघाचे सभासद, आमच्या दुकानातले जोडे घालून आलेली मंडळी, आणि दुसरीकडचे घालून आला असाल तर तुम्हीसुद्धा,

मधल्या खुर्चीत स्वतःच्याच पायांकडे बघत बसलेत, ते माझे थोरले बंधू. आजपासून ते जोडे करायचं थांबवत आहेत. त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द बोला, असं मला अध्यक्षांनी सांगितलं. "थोडक्यात आटपा, भावजी," असं वहिनींनी.

आमच्या दुकानात एक जोड एक माणूस करत नाही. ही वडिलांची पद्धत. आम्ही शिकत होतो तेव्हा ते एकाच कातड्यातून एक जोड कापायचे आणि वाटून द्यायचे. डावा दादांना, उजवा मला. दोन्ही जुळले नाहीत, तर दोन्ही उसवायचे. चूक दादांची असली तरी माझाही उसवायचा. अन्याय वाटतो ना? मलाही वाटायचा. पण त्यामुळे मी माझ्या हातापेक्षा दादांच्या हाताकडे जास्त बघायला शिकलो.

वडील गेले, पद्धत राहिली. आमची खोली तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. खिडकीखाली दोन बुटकी स्टुलं, मध्ये पाण्याची बादली, तीत तळाचं चामडं भिजत घातलेलं. भिंतीवर गिऱ्हाइकांच्या पायांचे लाकडी साचे. त्यांना आम्ही कलबूत म्हणतो. दादांच्या बाजूला सगळे डावे, माझ्या बाजूला सगळे उजवे. वहिनी लग्न होऊन आल्या, त्यांनी हे पाहिलं आणि आमच्या आईला विचारलं, "यांना एकच पाय करता येतो, हे आधी का नाही सांगितलंत?"

मध्ये एकदा आमचं बोलणं बंद होतं. कारण मला आठवत नाही. दादांना आठवत असेल, पण ते सांगायचे नाहीत. सगळे निरोप वहिनींकडून. "त्याला सांग, मेण संपलंय." आणि मी शेजारच्या स्टुलावर! पण जोड जुळत होते. दादा टाका घालतात तेव्हा दोरा दोनदा ओढतात, मग जरा थांबतात. ते मला न बघता ऐकू यायचं. ते थांबले की मीही थांबायचो. तेवढ्यापुरतं भांडण बाजूला.

वयोमानामुळे दादा निवृत्त होत आहेत, असं अध्यक्ष मघाशी म्हणाले. त्यांचा मान राखून सांगतो, तसं नाही.

गेल्या वर्षी दादांचा हात थरथरू लागला. टाके वाकडे पडू लागले. डावा वाकडा, उजवा सरळ, असा जोड गिऱ्हाइकाला द्यायचा कसा? आणि उसवा म्हणून दादांना सांगायचं कोणी? मी माझे टाके वाकडे घालू लागलो. ते सोपं नसतं. सरळ टाका सवयीने येतो. वाकड्यासाठी मान मोडून बघावं लागतं, दादा नेमके कुठे घसरले ते.

जोड जुळत राहिले.

मग एका सकाळी पोस्टमनकाका त्यांचे जोडे दाखवायला आले. "काय रे, दोघं एकदमच म्हातारे झालात की!" ते हसले. मी हसलो. दादा हसले नाहीत. त्यांनी दोन्ही जोडे मांडीवर घेतले. शिवणीवरून अंगठा फिरवला, आधी डाव्याच्या, मग उजव्याच्या. काका गेल्यावर मला म्हणाले,

"हा टाका तुझा नाही."

"जुळायला हवा ना, दादा."

"चांगल्याशी जुळवायचा असतो, गाढवा."

त्यांनी आरी पुसून ठेवली. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. स्वतःचा हात थरथरत होता, तरी ते रोज येत होते. माझा बिघडू लागला, तेव्हा थांबले.

आता लोक विचारतात, डावा कोण करणार? खरं आहे. दुकान उघडलं की समोर डाव्यांची भिंत, आणि मी उजव्यांचा माणूस. कुलूप लावावं, असंही मनात येऊन गेलं.

संघाचं सन्मानचिन्ह देऊन झालं आहे. माझ्याकडून हा जोड, दादांच्या मापाचा. दादा, इथे तुला ‘तुम्ही’ म्हणायला हवं, पण ते मला जमायचं नाही. उजवा बघू नकोस, तो नेहमीचाच आहे. डावाही मीच केलाय. आयुष्यातला पहिला. टाका सरळ आहे. चवड्यापाशी चामडं जरा जास्त ओढलं गेलंय, ते मला दिसतंय. घालून बघ, आणि कुठे दाबतो ते सांगायला उद्या दुकानात ये. तुझं स्टूल हलवलेलं नाही.

आपण सगळे आलात, ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर मोठ्या मनाने सोडून द्या.

डाव्यात काही चुकलं असेल तर, दादा, तू मात्र सोडून देऊ नकोस. उसव.