सोनजाईची मान

मंडळी, ऐका. आज मोठं पुराण सांगत नाही. एकच प्रश्न विचारतो. तुम्ही देवळात गेलात, रांगेत उभे राहिलात, नारळ दिलात, प्रसाद घेतलात, बाहेर येऊन चपला शोधल्यात, सापडल्या! सगळं झालं. मग मला सांगा, देव बघितला कोणी?

हसू नका. चपला कुठे काढल्या होत्या हे प्रत्येकाला आठवतं. डाव्या बाजूला, तिसऱ्या पायरीखाली, कुणाच्या तरी लाल सँडलशेजारी. तेवढं नीट आठवतं. आत काय होतं ते विचारलं की म्हणता, "फार प्रसन्न वाटलं हो महाराज." प्रसन्न तर पंख्याखाली बसूनही वाटतं.

तर ऐका. पुण्यात एक गृहस्थ आहेत. विश्वंभर पाटणकर. नोकरीतून निवृत्त, सोसायटीचे चेअरमन, पोट सुटलेलं, आवाज त्याहून सुटलेला. या गृहस्थांना निवृत्तीनंतर एक नाद लागला. यात्रेचा. वाईट नाद नव्हे म्हणाल! थांबा. यांची यात्रा म्हणजे चार दिवसांत सव्वीस ठिकाणं. देवळं, किल्ले, समुद्रकिनारे, एक काजूचा कारखाना, सगळं एकाच यादीत. ती यादी टाइप केलेली, वर प्लॅस्टिक चढवलेलं. प्रत्येक ठिकाणापुढे मिनिटं लिहिलेली. अंबाबाई पंचेचाळीस मिनिटं. ज्योतिबा तीस. पन्हाळा चाळीस, त्यात चहा धरलेला! हातात पेन. गाडीत बसले की खूण करायची, झालं. ज्या गडाच्या बुरुजांवर माणसांनी वर्षं काढली, तो गड यांचा चहासकट चाळीस मिनिटांत उरकला.

गाडीत बारा नातेवाईक. आणि त्या बारांत एक म्हातारी, अनसूयाआत्या. विश्वंभराची सख्खी आत्या, वय अठ्ठ्याहत्तर. विश्वंभराची आई तो पाच वर्षांचा असताना गेली, तेव्हा हिनं त्याला कडेवर घेतलं ते मोठा करूनच खाली ठेवलं. स्वतः लग्न केलं नाही. का नाही केलं, कुणी विचारलंही नाही. ती घरात होती, म्हणून घर चालत होतं, एवढंच सगळ्यांना माहीत.

या आत्याच्या डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "आजी, जेवढी नजर गेली ती परत येणार नाही. राहिलीय ती औषधानं जपू, पण वर्षभरात फार तर उजेड-अंधार कळेल." आत्यानं ऐकून घेतलं. रडली नाही. घरी येऊन भाच्याला म्हणाली, "विशू, मला कुडवळ्याला ने."

कुडवळं म्हणजे कोकणातलं, घाटाखालचं एक लहानसं गाव. आत्याचं आजोळ. तिथे सोनजाईचं देऊळ. आत्या सहा वर्षांची असताना आजोबांच्या मांडीवर बसून तिनं ती देवी बघितली होती. पुन्हा जाणं झालं नाही. तिनं गाडीत सगळ्यांना सांगितलं, सांगताना अगदी लहान झाली होती म्हणतात. "सोनजाईची मान किंचित कललेली आहे रे. कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी. पण उजवीकडे कललेली की डावीकडे, तेच आठवत नाही बघ. रोज हात जोडते तेव्हा कधी एकीकडे कललेली दिसते, कधी दुसरीकडे. तेवढं एकदा बघायचंय. मग डोळे गेले तरी चालतील."

काय मागणं आहे बघा! मुलाबाळांसाठी नाही, आयुष्यासाठी नाही. डोळे परत दे असंही नाही. देवीची मान कुठे कलते, एवढंच.

विश्वंभर म्हणाले, "आत्या, सतरा नंबरला आहे कुडवळं. वीस मिनिटं ठेवलीत. काळजी करू नको."

वीस मिनिटं! बहात्तर वर्षं बाळगलेल्या गोष्टीला वीस मिनिटं. काजूच्या कारखान्याला पस्तीस होती.

अहो, ते मधल्या खांबापाशी बसलेले, मोबाइल उंच धरलेले, तुम्हीच. माझं चित्रण करताय ना? करा, करा. मागच्या वर्षीचं केलेलं बघितलंत का कधी? नाही ना. मान हलवू नका, चित्र हलेल.

तर पहिल्या दिवशी कोल्हापूर उरकलं. दुसऱ्या दिवशी मालवण, सिंधुदुर्ग. प्रत्येक ठिकाणी विश्वंभरांची एक रीत. देवाकडे पाठ करायची, हात लांब करायचा, दात दाखवायचे, फोटो! समुद्रापुढे विश्वंभर, तटापुढे विश्वंभर, दीपमाळेपुढे विश्वंभर. जगातली कुठलीही सुंदर वस्तू यांच्या डोक्यामागे असल्याशिवाय यांना सुंदर वाटत नाही. आणि आत्या बिचारी प्रत्येक पायरीला हात लावून, कुणाचा तरी खांदा धरून चढत होती. थकली तरी बोलत नव्हती. तिचा सतरा नंबर यायचा होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास गाडी कुडवळ्याला पोचली. आता या देवळाची एक रीत ऐका, कारण सगळं आख्यान त्या रीतीवर उभं आहे. सोनजाईच्या गाभाऱ्यात विजेचा दिवा नाही. तार देवळाच्या दारापर्यंत आणली, आत नेली नाही. आत एक समई, तेलाची. गाभारा काळोखा, दगडाचा, दार बुटकं. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की काही म्हणता काही दिसत नाही. खाली बसायचं. गप्प बसायचं. डोळे हळूहळू काळोखाला सरावतात, आणि मग देवी दिसायला लागते. आधी नथ चमकते. मग कपाळ. मग डोळे. मग सगळी. त्या गावात देवीला जाऊन आलास का असं विचारत नाहीत, देवीला बसून आलास का, असं विचारतात. काही सोय नाही म्हणून ही रीत आहे असं समजू नका. वाटेल तेव्हा बल्ब लावता आला असता त्यांना.

तिथला पुजारी धाकू गुरव. त्यानं आत्याचा हात धरून तिला आत नेलं, पाटावर बसवलं, समईत नवी वात घातली. म्हणाला, "बस, बाय. घाई नको करू. ती हळूहळू दिसते."

बाकीच्यांनी दारातून वाकून बघितलं, अंधार दिसला, नमस्कार केला आणि कोकम सरबत शोधायला गेले. आत्या एकटी बसली. धडधाकट डोळ्यांना जे पाच-दहा मिनिटांत दिसतं, त्याला तिच्या डोळ्यांना किती वेळ लागणार? तुम्हीच सांगा. पण ती बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "नथ दिसली." गुरवानं वात सारखी केली. आणखी थोड्या वेळानं म्हणाली, "कपाळ दिसतंय वाटतं. हो, कपाळच. हळद आहे त्यावर."

मंडळी, किती उरलं होतं? नथ दिसली, कपाळ दिसलं. आता चेहरा, आणि मान. पाच मिनिटं. फार तर दहा.

आणि इकडे बाहेर यादीवर वीस मिनिटं संपली!

यादीत पुढे काय होतं माहीत आहे का? गणपतीपुळ्याचा सूर्यास्त. समुद्रात सूर्य बुडताना, त्याच्यापुढे विश्वंभर, असा फोटो व्हायचा होता. ड्रायव्हर होते इस्माईलभाई. ते म्हणाले, "साहेब, बसू द्या त्यांना. अर्धा तास गेला तरी मी गाडी वेळेत नेतो." ड्रायव्हरला कळलं! ज्याचा त्या देवळाशी काही संबंध नाही, त्याला त्या म्हातारीचं बसणं कळलं. आणि तिच्या कडेवर वाढलेल्या भाच्याला ते कळलं नाही. अरे, सूर्य काय पळून जाणार होता? तो उद्याही बुडतो, परवाही बुडतो, त्याला दुसरा उद्योग काय आहे!

विश्वंभर वाकून आत गेले. म्हणाले, "आत्या, चल."

ती म्हणाली, "विशू, जरासं थांब. कपाळ दिसतंय."

"अगं, असं अंधारात कसं दिसेल? थांब, मी दाखवतो तुला."

आणि त्यांनी मोबाइलची बॅटरी पेटवली. गुरव 'नको, नको' म्हणत उठेपर्यंत तो पांढराफेक उजेड सरळ देवीच्या तोंडावर. "बघ, लख्ख!" म्हणाले.

अहो, काळोखाला सरावलेले डोळे, त्यात काचबिंदू, आणि समोर घासून चकचकीत केलेला चांदीचा मुखवटा. उजेड त्यावर आपटला आणि आत्याच्या डोळ्यांत शिरला. तिनं दोन्ही हातांनी डोळे झाकले. सगळं पांढरं झालं. नथही गेली, कपाळही गेलं. आणि हे गृहस्थ काय करतात? देवीकडे पाठ वळवली, हात लांब केला, दात दाखवले, फोटो! म्हणाले, "झालं. आता घरी आरामात बघ, मोठं करून." आणि तिच्या काखेत हात घालून तिला उठवलं.

गुरव म्हणाला, "पुन्हा बसवा तिला. डोळे परत सरावतील." विश्वंभरांनी घड्याळ दाखवलं. आत्या भांडली नाही. आयुष्यभर या घरात ती कधी कुणाशी भांडली नव्हती. उंबऱ्यावर एवढंच म्हणाली, "नथ तरी पाहिली." आणि गाडीत जाऊन बसली. विश्वंभरांनी सतरा नंबरवर खूण केली.

गणपतीपुळ्याला वेळेत पोचले. अगदी वेळेत. आभाळ भरून आलेलं होतं. सूर्याचा पत्ता नाही! मला आनंद झाला हे ऐकून. कीर्तनकारानं असं बोलू नये, पण झाला.

बरं, पुढे ऐका. आठ महिने गेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. आत्याला खिडकी कुठे आहे एवढं कळायचं, बाकी काही नाही. एक दिवस सकाळी ती आरामखुर्चीत बसली होती. विश्वंभर पेपर वाचत होते. ती म्हणाली, "विशू, तो फोटो काढलास ना तू, सोनजाईचा? तो काढ."

यांनी मोबाइल काढला. फोटो सापडायलाच वेळ लागला, कारण त्या चार दिवसांचे हजारावर फोटो. सापडला. त्यात काय होतं? विश्वंभर होते! हे एवढे मोठे, कपाळावर घाम, दात बाहेर. आणि त्यांच्या कानामागे एक पांढरा डाग, आणि डागाच्या कडेला नथीचं अर्धं टोक. मोठं करून बघितलं, तर स्वतःचा कान मोठा झाला. पुढचा बघितला, मागचा बघितला. सगळीकडे तेच.

आत्या शांतपणे विचारत होती. "मला दिसायचं नाही आता, ठाऊक आहे. तू बघून सांग. मान कुठल्या बाजूला कललेली आहे रे?"

मंडळी, हा माणूस त्या देवीपासून हातभर अंतरावर उभा राहून आला होता. लख्ख उजेड पाडून. आणि त्याला सांगता येईना. कारण त्यानं तोंड वर करून बघितलंच नव्हतं. सव्वीस ठिकाणी गेला, आणि सव्वीस वेळा स्वतःलाच भेटून आला.

तरी सांगू शकला असता, "आत्या, मी नाही बघितलं. चल, आज गाडी काढतो, मी बसतो तिथे आणि तुला सांगतो." नाही सांगितलं! चेअरमन ना. म्हणाले, "उजवीकडे."

"उजवीकडे?"

"हो. स्पष्ट दिसतंय."

आत्या म्हणाली, "बरं झालं बाई. इतकी वर्षं मनात घोळत होतं." आणि तिनं खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःची मान हळूच उजवीकडे कलती केली. अशी. आणि हात जोडले.

तेव्हापासून ती रोज तशी बसते. सकाळी आंघोळ झाली की मान उजवीकडे कलती करून हात जोडते. भाचा समोर चहा पीत असतो.

हे सगळं मला कुणी सांगितलं? विश्वंभर पाटणकरांनीच. माझ्याकडे आले होते. म्हणाले, "महाराज, एखादं प्रायश्चित्त सांगा. अभिषेक करतो, अन्नदान करतो." मी म्हटलं, काही करू नका. कुडवळ्याला जा, बसा, बघून या. तर म्हणाले, "महाराज, आणि डावीकडे निघाली तर?"

ऐकलंत? त्यांना भीती कशाची आहे? देवीची नाही, पापाची नाही. बघण्याची भीती! अजून गेलेले नाहीत. मागच्या महिन्यात सौराष्ट्र करून आले, मला फोटो पाठवलेत. सोमनाथापुढे विश्वंभर आहेत.

हसलात ना सगळे? छान. हसा. आता मी सांगतो तसं करा. डोळे मिटा. मिटा म्हणतो ना, ते मोबाइलवाले, तुम्हीसुद्धा. हा आपला मारुती. तुमच्या लहानपणापासूनचा. दर शनिवारी तेल, रुईची माळ, प्रदक्षिणा. आता न बघता सांगा, त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे? शेपूट कुठल्या खांद्यावरून येते? पायाखाली काय आहे? शेवंताबाई, तुम्ही बोलू नका, तुम्ही रोज गाभारा पुसता, तुम्हाला येतंय. बाकीच्यांनी सांगा.

का हो? एवढे दोनशे जण, आणि कुणीच बोलत नाही?

मग हा हार राहू द्या माझ्या गळ्यात घालायचा. तबकातला कापूर पेटवू नका, तो वरचा मोठा दिवाही मालवा. नुसती समई राहू दे. आत या, खाली बसा आणि दिसेपर्यंत बसा. आरती त्यानंतर करू. मीही तुमच्यातच बसतो, कारण मघाशी तुम्हाला विचारलं ना, त्यातलं शेपटीचं उत्तर मलाही येत नाही.