शिकाऊ परवाना, शेजारी सासरे

मी, मयताची सून, वय ३६ वर्षे, धंदा चष्म्याच्या दुकानात काचा बसवणे, राहणार शेजारच्या राज्यात, बस डेपोमागील वसाहत, समक्ष विचारल्यावरून जबाब देते की,

माझे पती बोटीवर नोकरीला आहेत. घरी मी व सासरे असे दोघेच. सासरे बसचालक म्हणून निवृत्त झाले. त्यांना आम्ही बाबा म्हणतो. त्यांचा परवाना पक्का आहे, माझा शिकाऊ. गाडी मला तेच शिकवत होते.

आज माझ्या नणंदेचे इथल्या रुग्णालयात ऑपरेशन होते. ती आत जाण्यापूर्वी बाबांना तिला भेटायचे होते. त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याने गाडी मी चालवावी, असे ते म्हणाले. मी विचारले, "बाबा, दुसऱ्या राज्यात नेली तर चालेल का?" ते म्हणाले, "पक्का परवानावाला शेजारी बसला की झालं. तू फक्त गिअरशी भांडू नकोस, तो काय तुझा नवरा आहे?" उजाडल्यावर आम्ही निघालो.

घाटाच्या पायथ्याला पेट्रोल पंपावर मी चहा आणला. बाबांनी घेतला नाही. डोके काचेला टेकवून, डोळे मिटून होते. डुलकी लागली असेल असे वाटून मी त्यांचा पट्टा नीट केला, त्यांचाही चहा मीच प्यायले व निघाले.

घाटात दाट धुके होते. मी सारखा ब्रेक दाबू लागले. तेव्हा बाबा म्हणाले, "सेकंड टाक. ब्रेकवर नाचू नकोस." मी तसे केले. पुढच्या वळणाआधी ते मोठ्याने "थांब" म्हणाले. मी गाडी कडेला दाबली. समोरून एक ट्रक दिवे न लावता आमच्याच बाजूने खाली गेला. मी बाबांकडे पाहिले नाही. काही झाले तरी रस्त्यावरची नजर काढायची नाही, अशी त्यांची ताकीद होती.

सीमेवरील नाक्यावर शिपायाने परवाना पाहून विचारले, "शिकाऊ? सोबत कोण?" मी समोर बघतच शेजारी बोट केले. तो पलीकडून जाऊन बाबांच्या खिडकीशी वाकला. परत येऊन हसत म्हणाला, "जा ताई. आजोबा म्हणतात, जमेल तिला."

रुग्णालयाच्या दारात वॉर्डबॉयने बाबांच्या बाजूचे दार उघडले. त्यांचा हात धरला आणि लगेच सोडला. डॉक्टर म्हणाले, अंग ताठ झाले आहे, घाट चढण्याआधीच गेले असावेत. मी म्हटले, नाक्यावर ते बोलले. डॉक्टरांनी मला खुर्ची दिली.

जबाब घेणाऱ्या साहेबांनी माझ्यासमोर नाक्यावरील शिपायाला फोन लावला. त्याने तेच सांगितले. खिडकीची काच पूर्ण वर होती, तरी आवाज स्वच्छ आला, असेही सांगितले.

नणंद शुद्धीवर आली आहे. बाबा आले का, असे तिने विचारले. गाडी लावत आहेत, असे मी सांगितले.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यातील "पंपापासून पुढे मी गाडीत एकटीच होते" हे वाक्य मी सांगितलेले नव्हते, ते माझ्या म्हणण्यावरून खोडले आहे. बाकीचे मी बोलले तसेच उतरले आहे व बरोबर आहे.