दगडाची वरची बाजू

— नाई साहेब, पाय जपून, तो महाल नाई, तो उकिरडा हाय. महाल त्याच्या खाली. आमच्या राजधानीत असंच — वर पाहावं तर शेण, खणावं तर राजा. तुमी भोपाळहून येऊन जुन्या दगडाची यादी करून राह्यले, चांगली गोष्ट. पण तहसिलीत मी बत्तीस वर्षं बाबू होतो, यादी म्हणजे काय ते मले विचारा.

हा बुरूज पाहा. गोंड राजाचा म्हणतात. पण खालचे तीन थर देवळाचे — ती नाचणारी बाई उलटी बसवली, डोकं खाली, पाय वर, तरी नाचूनच राह्यली. देऊळ कोणी पाडलं? कोणी नाई, आपोआप पडलं. फुकटचा दगड कोण सोडते? मंग भोसल्याचे लोक आले, त्याईनं बुरुजाचे दगड काढून तलावाले घाट बांधला. मंग गोरा साहेब आला, त्यानं घाट उकरून बंगला बांधला अन् वर पाटी लावली — पुरातन दगडाले हात लावू नये! हौ! मंग स्वराज्य आलं, बंगला पडला, अन् आमच्या टिकारामच्या गोठ्याले कोरीव उंबरठा आला. म्हशीचा थाट पाहा एकदा. परतेकाले वाटते, आपल्या आधीचा तो राजा अन् आपल्या मागचा तो चोर.

काय म्हणता? शिलालेख? तो हरवला साहेब. पस्तीस साली चौकशी झालती, फायलीत शेरा हाय — ‘दगड जागेवर सापडत नाही.’ लहानसाच दगड, चार ओळी, तिसऱ्या ओळीत राजाच्या नावाचं अक्षर फुटलेलं — काहून? कागदात इतकं नाई लिवलं? असे काहून पाहता माझ्याकडं?

बरं. शेरा माझाच हाय. खोटा नाई, जागेवर नव्हताच तो, माझ्या आंगणात होता. लग्नाचं दुसरं वर्ष — अनुसया म्हणे, कपडे धुवाले एक गोटा आणता येत नाई, कायचे सरकारी माणूस तुमी? बैलगाडीत घालून आणला. अक्षरं दिसली तशी ती मागं सरली. वाचता एक येत नव्हतं, पण अक्षरावर पाय देऊ नाई, साबण घासू नाई — हात जोडले, अन् मले दगड पालथा घालाले लावला. राजा गेला चिखलात. वरच्या अंगाले तिनं छत्तीस वर्षं लुगडी आपटली, माझे सरकारी कोटबी. मधात खोलगट झाला दगड. पाणी साचते, चिमण्या पितात. चार वर्षं झाली तिले जाऊन, पाणी मीच भरतो.

तुमी न्याल, अक्षरं वर करून चौथऱ्यावर सिमेंटात बसवाल. अन् ती बाजू? ती खाली. राजाचं नाव तसंबी फुटकंच हाय, साहेब.

हसू नका. आताच सगळ्याईले चोर म्हटलं मी, ठाऊक हाय मले.

आणा ती यादी. लिवा — दगड जागेवर सापडत नाही. अक्षर नीट काढा, मागून येणाऱ्याले वाचता आलं पायजे. झालं? चला, बालाघाटची बस लागली पिंपळाखाली, महागू कंडक्टर कोणासाठी थांबत नाई.

— तिकडं नाई साहेब, तिकडं आंगण हाय. बस इकडं.